रेतीवरच्या लाल खुणा

संस्कृत टीकाकारांची एक सवय मला फार वर्षे सोयीची वाटली. श्लोकात एखाद्या पक्ष्याचे नाव आले आणि तो पक्षी टीकाकाराने कधी पाहिलेला नसला, की तो 'पक्षिविशेषः' एवढेच लिहून पुढच्या शब्दाकडे वळतो. म्हणजे, असाच कोणी एक पक्षी. मी वाराणसीतल्या एका ग्रंथालयात हस्तलिखितांच्या विभागात नोकरी केली. एकाच ग्रंथाच्या चार-पाच पोथ्या समोर मांडायच्या, ओळीला ओळ लावून पाहायची, जिथे फरक दिसेल तिथे कागदाची पट्टी ठेवून तिच्यावर क्रमांक घालायचा, हे माझे काम. त्या काळात 'कुररी' हा शब्द मी असंख्य वेळा वाचला. शोक करणारी स्त्री कुररीसारखी आक्रोश करते, असे कवी सांगतात. कुररी म्हणजे कोण, हे मी कधी कोणाला विचारले नाही. एक तर विचारण्याचा माझा स्वभाव नाही, आणि टीकाकाराचे जेवढ्यावर भागले तेवढ्यावर माझे भागायला हरकत नव्हती.

आमचे घर मुन्शी घाटामागच्या गल्लीत आहे. गच्चीवरून गंगा दिसते आणि गंगेपलीकडची रेती दिसते. पण आमच्या घरात त्या काठाकडे पाहायचे असे, जायचे नसे. पलीकडे मरण आले तर पुढचा जन्म गाढवाचा, ही इथली समजूत. आमच्या आईने ती सासरच्या कुळाचारांइतकी मनावर घेतली होती. घरातले पुरुष नावेतून पलीकडे जात, पोहत, बाटी भाजून खात आणि दिवेलागणीच्या आत परतत. बायका गच्चीवरून त्यांची नाव ओळखत. वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत मी त्या रेतीवर पाऊल ठेवले नव्हते, आणि यात काही चुकले असे मला कधी वाटलेही नव्हते.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू आले. मूळचे अमरावतीचे, रेल्वेत इंजिनिअर, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. रविवारी सकाळी ते गळ्यात दुर्बीण अडकवून बाहेर पडत. एका रविवारी मी गच्चीच्या कठड्याशी उभी होते. ते जवळ आले, त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि पाण्याच्या मध्यभागी बोट दाखवले.

तीन पक्षी पाण्याला अगदी लागून येत होते. चोच लाल, उघडी, आणि खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. तो खालचा भाग पाण्यात बुडवूनच ते उडत होते. त्यांच्यामागे नदीवर तीन सरळ रेघा उमटत होत्या, जणू कोणी ओळी आखत चालले आहे. शेवटी तिघेही एकदम वळले, आणि आपण आखलेल्या रेघांवरूनच परत आले.

"पाणचिरा," इंजिनिअर म्हणाले. "चोचीला मासा लागला की चोच मिटली. एवढंच."

एवढेच. मी दुर्बीण परत केली आणि नुसत्या डोळ्यांनी त्या रेघा शोधत राहिले. साठ वर्षे मी या पाण्याकडे पाहत आले होते, आणि या पाण्यावर असे काही घडते हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर रविवारी जाऊ लागले. चार-पाच जण असत, सगळे माझ्याहून तरुण. मी शेवटी चाले आणि नाव ठाऊक असले तरी दुसऱ्या कोणी घेईपर्यंत थांबे.

"मॅडम, तुम्ही काहून मागे उभ्या राहता?" इंजिनिअर एकदा म्हणाले. "पक्षी काही परीक्षा घेत नाही."

घरी आमच्या वहिनींचे मत वेगळे होते. "वन्सं, गच्चीवर कबुतरं कमी आहेत का? ती पाहा की. फुकट, आणि नाव करायला नको."

फाल्गुन संपता संपता आम्ही रामनगरच्या पुलाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका रेतीच्या बेटावर गेलो. पाणी उतरले की ते उघडे पडते. मुख्य रेतीपासून एका उथळ प्रवाहाने तुटलेले असते. बेटाच्या एका टोकाला एक मल्लाह कुटुंब टरबूज आणि ककडी लावते. नवरा नाव चालवतो, बायको शेत पाहते. तिथे सरपताच्या गवताची एक मडई, म्हणजे चार बांबूंवर उभारलेली सावली, त्यांनी केली आहे. त्या बाईंना मी 'भौजी' म्हणत असे आणि त्या मला 'बहिनजी'. भौजी ठसठशीत बनारसी बोलीत बोलतात. ते बोलणे मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यात निम्मा तिखटपणा हरवला आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

बेटाचे दुसरे टोक निव्वळ वाळू. तिकडे आम्ही थोडे चाललो तोच वरून एक पक्षी थेट माझ्या डोक्यावर कोसळला. राखी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेले लांब शेपूट. एक, मग दुसरा, मग आठ-दहा. चोच माझ्या केसांना लागून गेली आणि कर्कश आवाज कानात शिरला.

"थांबा, हलू नका," इंजिनिअर म्हणाले. "पायाखाली पाहा."

माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर वाळूत एक उथळ खळगा होता आणि त्यात तीन अंडी. वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. काडी नाही, गवत नाही, आडोसा नाही. नजर एकदा हलली की परत सापडू नयेत अशी.

"नदी सुरय. हिंदीत हिला कुररी म्हणतात."

विद्वानांत यावर मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. काहींच्या मते कवींची कुररी हा दुसराच शिकारी पक्षी असावा. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. पण तिथे, डोक्यावर हात धरून उभी असताना मला एक गोष्ट स्वच्छ कळली. ही रडत नव्हती. ही मला हाकलून देत होती.

चैत्र लागला आणि रेल्वेने इंजिनिअरना महिन्याभरासाठी बाहेरगावी पाठवले. जाताना त्यांनी एक वही माझ्याकडे दिली.

"इथे सुरय अंडी घालतात, याची लेखी नोंद कोणाकडेच नाही, मॅडम. घरटी इतकी, आणि त्यातून पिल्लं निघाली, एवढं लिहिता आलं ना, तर पुढच्या वर्षी या टोकावर पर्यटकांचे तंबू नका लावू, उंट नका फिरवू, हे सांगायला आपल्या हातात काही राहील. पिल्लं निघाली पाहिजेत फक्त. आठवड्यातून एकदा जा. लांबून मोजा."

माझ्यावर कोणी असे काही सोपवल्याला बरीच वर्षे झाली होती. मी वही छातीशी धरून जिना उतरले.

पहिल्याच दिवशी मी अडचणीत आले. लांबून मोजले तर एकदा अकरा घरटी भरली, एकदा पंधरा. एकच घरटे दोनदा मोजले असेल का? एखादे सुटले असेल का? पोथ्यांतले पाठभेद नोंदवताना एक जागा सुटली तर पुढचे सगळे क्रमांक चुकतात, ही धास्ती माझ्या हाडात मुरलेली आहे. तेव्हा मी मला येत होते ते केले. पोथ्या बांधण्याच्या लाल कापडाचा एक तुकडा माझ्याकडे होता. त्याच्या पट्ट्या फाडल्या, प्रत्येकीवर शाईने क्रमांक घातला, सरपताच्या काड्यांना बांधल्या, आणि सकाळी लवकर जाऊन प्रत्येक घरट्याच्या उत्तरेला बरोबर दोन पावलांवर एकेक काडी रोवली. चौदा घरटी. चौदा पट्ट्या. वाऱ्यावर त्या फडफडू लागल्या तेव्हा मला फार समाधान वाटले. इतकी नेटकी नोंद इंजिनिअरनीही केली नसती, असा विचार मनात येऊन गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

भौजी ककडीच्या वेलांना पाणी घालत होत्या. "बहिनजी, वरात कोणाची?"

"नोंद ठेवते आहे."

"कोणासाठी?"

"पुढच्या वर्षीसाठी," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे, मग पट्ट्यांकडे पाहिले आणि पुन्हा पाण्याला लागल्या.

पुढच्या आठवड्यात मी मडईत बसून दुर्बीण लावली. चौथ्या क्रमांकाच्या पट्टीजवळ एक कावळा उतरला. पट्टीकडे पाठ करून तो दक्षिणेला दोन पावले टाकत गेला, मान खाली घातली आणि अंडे उचलले. वरून सुरय त्याच्यावर कोसळत होत्या. तो वाकून चुकवत होता. मग तो उडाला आणि पाचव्या पट्टीजवळ उतरला. पुन्हा दक्षिणेला. पुन्हा दोन पावले.

माझे अक्षर त्याला वाचता येत होते.

"पाच घरटी गेली," भौजी शेजारी येऊन बसल्या. "परवापासून चाललंय. पूर्वी त्यांना दिवसभर हुडकून एखादं मिळायचं. तुम्ही पंगत मांडलीत, बहिनजी. पानापानाला खूण."

मी चप्पल न घालताच रेतीवर उतरले. भौजींनी माझा दंड धरला.

"आता कुठे निघालात?"

"काढून टाकते सगळ्या."

"ऊन किती तापलंय? तुम्ही तिकडे गेलात की सगळ्या उठतील, आणि अंडी या रेतीत भाजतील. कावळ्यानं सोडलेलं ऊन खाईल. बसा. आणि तिकडे पाहा, म्हणजे कळेल."

मी बसले आणि पाहिले. लू, म्हणजे इकडचा भाजणारा गरम वारा, सुटली होती. वाळूवरची हवा हलत होती. एक सुरय अंड्यांवरून उठून पाण्याच्या कडेला गेली. पाण्याला पोट टेकवून, पंख वर उचलून ती उडाली आणि तशीच निथळत परत आली. खळग्याशी उभी राहून तिने ओले पोट अंड्यांवर टेकवले, थोडे हलवले, मग बसली. काही वेळाने पुन्हा उठली. पुन्हा पाणी. जोडीदार यायचा तेव्हा तोही पोट भिजवूनच यायचा. नऊ घरट्यांवर नऊ पक्षी हेच करत होते, चोची उघड्या टाकून, धापा टाकत. दुपारी दोनपर्यंत मी तिथे होते. तोवर एकही अंडे मी कोरडे पडलेले पाहिले नाही.

शास्त्रात मी तपाची कितीतरी वर्णने वाचली आहेत. त्यांच्यावर माझा विश्वास होता असे मला वाटत असे. त्या दुपारी कळले, की तो विश्वास नव्हता, नुसते वाचन होते.

"उद्या उजाडताना काढू," मी म्हणाले.

"काढून काय होणार? जागा त्यांना पाठ झाली आहे. काडी नसली तरी येतील, हुडकतील." भौजींनी वेलाखालचा एक ककडीचा तुकडा उचलून चावला. "कावळ्याला एकदा मिळालं की दहा वेळा येतो. दहा वेळा रिकामा गेला की मग नाही येत. तुमच्याकडे लाल चिंध्या अजून आहेत?"

"कशाला?"

"जिथे अंडी नाहीत तिथे लावा. भरपूर लावा. फिरू दे मेल्याला."

पस्तीस वर्षे मी लोकांनी घुसडलेले खोटे पाठ हुडकून बाहेर काढले होते. आता मला स्वतः जाणूनबुजून, मूळ पाठ झाकला जावा म्हणून, खोटे पाठ घुसडायचे होते. कोणत्याही कारणाने मी असे करीन, असे मला कधी वाटले नसते. मी मान डोलावली.

घरी आले तेव्हा कापड पुरणार नाही हे ध्यानात आले. वहिनींना सांगण्याशिवाय इलाज नव्हता. मी सगळे सांगितले, आणि त्यांनी नेहमीची थट्टा केली नाही.

"पिंडाला शिवायला तास तास लावतात," एवढेच त्या म्हणाल्या, "आणि इथे बरी घाई झाली." मग कपाटाच्या तळाची एक पिशवी काढून त्यांनी पलंगावर ओतली. हळदीकुंकवाला आलेले ब्लाउजपीस. वर्षानुवर्षे साठलेले, कोणी न शिवलेले, एकमेकींना पुढे सरकवण्यासाठी ठेवलेले. "लाल लाल तेवढे वेचा. हा घ्या, हा दशाश्वमेधच्या गुरुजींच्या सुनेनं दिलेला. याचं सूत पक्कं आहे."

"वहिनी, नवे आहेत."

"मग काय झालं? कधीपासून पडलेत. फाडा."

आम्ही दोघी बसून साठ-सत्तर पट्ट्या फाडल्या. या पट्ट्यांवर क्रमांक नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नाव निघाली. ऊन चढण्याआधी आम्ही नऊ काड्या उपटल्या; लुटलेल्या पाच घरट्यांच्या काड्या तशाच राहू दिल्या. मी एकेक खळग्यापाशी जेमतेम वाकून, मागे न पाहता पुढे जात होते, आणि वरून मला जे बोलले जात होते ते सारे मला लागू होते. मग बेटाच्या मधल्या ओसाड वाळूत, घरट्यांपासून शक्य तितक्या दूर, आम्ही त्या काड्या रोवत गेलो. भौजींचे पती एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नाहीत. ते काड्या पुरवत मागून येत होते. अर्ध्यावर थांबून म्हणाले, "निवडणूक आहे असं वाटतंय."

"आणि उमेदवार कावळे," भौजी म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी रोज गेले. नाववाल्याला त्याचा त्रास होतो की काय या विचाराने संकोचत, पण रोज. पहिल्या दिवशी कावळे खुशीत आले. पट्टीजवळ उतरायचे, दक्षिणेला दोन पावले, मान खाली. काही नाही. दुसरी पट्टी, दोन पावले, काही नाही. एकाने रागाने पट्टीच ओढून उपटली. दुसऱ्या दिवशी पाचजण आले, तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी एक कावळा पट्टीच्या शेजारून चालत गेला आणि त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. टरबुजाच्या सालींकडे जाऊन तो तिथेच रमला.

पण नऊपैकी किती उरली होती, हे मला माहीत नव्हते. मोजायचे तर जवळ जावे लागले असते. मी गेले नाही.

इंजिनिअर परतले त्या संध्याकाळी मी वही घेऊन वर गेले. काय सांगायचे ते मी आधी कागदावर लिहून काढले होते. तो कागद खालीच राहिला, आणि मी दारातच सगळे सांगून टाकले: पट्ट्या, क्रमांक, उत्तरेला दोन पावले, कावळा.

"बाप्पा," ते म्हणाले. आणि मग, "आता किती आहेत?"

"मोजली नाहीत."

"एकही फेरी नाही मारली?"

"नाही. मारणारही नाही. तुम्हालाही मारू देणार नाही." मी कोणाशी असे बोलल्याचे मला आठवत नाही. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

रविवारी आम्ही दोघे मडईत बसलो होतो. भौजी मागे टरबुजांची पाने चाळत होत्या. समोर नुसती वाळू. सुरय उठत होत्या, बसत होत्या. अंडी दिसत नव्हतीच, पण खळगेही दिसत नव्हते. मला वाटले, आता लिहायला काही नाही. चौदा घरटी, आणि पुढे शून्य, आणि ते शून्य माझ्या अक्षरात.

मग एक सुरय नदीवरून आली. तिच्या चोचीत बोटभर लांबीचा चंदेरी मासा होता. ती रिकाम्या वाळूवर उतरली, वाकली, आणि तिच्या पुढ्यातल्या वाळूने तोंड उघडले.

तोंड आत नारिंगी होते. ते मिटले आणि पुन्हा फक्त वाळू राहिली. मी दुर्बीण घट्ट धरून तीच जागा पाहत होते. तिथे काहीतरी आहे हे ठाऊक असूनही मला ते दिसत नव्हते. मग वाळूचा तो मूठभर भाग उठला आणि दोन पायांवर, अडखळत, पाण्याच्या दिशेने धावला.

"एक," इंजिनिअर कुजबुजले. थोड्या वेळाने, डावीकडे: "दोन. नाही, तिथे दोन आहेत. तीन."

"मोजू नका हो," भौजी मागून म्हणाल्या. "नजर लागेल."

"मोजायलाच तर आलो, भाभी."

दुपारपर्यंत आम्ही सात पिल्ले पाहिली. सातवे आधीचेच एखादे असेल, असे मी दोनदा म्हणाले. ते म्हणाले, लांबून पाहिले की एवढी शंका राहणारच, राहू द्या. वाळू तोंडे उघडत होती आणि मिटत होती. इतक्या वेळा पाहूनही पुढचे तोंड कुठे उघडेल हे मला एकदाही आधी सांगता आले नाही.

मी वही उघडून मांडीवर घेतली आणि लिहिले: घरटी चौदा. पाच नोंद करणाऱ्याच्या खुणांमुळे कावळ्यांनी लुटली. उरलेल्यांतून सहा किंवा सात पिल्ले प्रत्यक्ष पाहिली.

इंजिनिअरनी वाचले. "ते मधलं लिहायलाच पाहिजे का, मॅडम? कोण विचारणार आहे?"

"पुढच्या वर्षी दुसरं कोणी येईल," मी म्हणाले. "माझ्यासारखंच नेटकं काम करणारं. त्यानं वाचलं पाहिजे."

त्यांनी वही परत दिली. भौजींनी टरबूज फोडले आणि नखाने तीन भाग दाखवून मोठा माझ्यापुढे सरकवला. पाण्यावरून आणखी एक सुरय मासा घेऊन येत होती, आणि आम्ही तिघेही, ती कुठे उतरते ते पाहण्यासाठी, खायचे थांबलो.